सेवेतून मुक्त

संस्थांच्या पत्रांतली भाषा मोठी गोड असते. कारखान्यात माणसाला कामावरून काढतात. दुकानदार ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणतो. संस्थेत मात्र ‘आपणांस सेवेतून मुक्त करण्यात येत आहे’ असे पत्र मिळते. खाली ‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा’. जणू काही पत्र मिळणाऱ्याने मुक्तीसाठी अर्जच केला होता!

हे आज आठवायचे कारण म्हणजे माझी भाची. सात वर्षे ती एका सामाजिक संस्थेत काम करत होती. संस्थेचे नाव मी लिहिणार नाही, कारण प्रकरण अजून संपलेले नाही. गावोगावच्या प्रवासखर्चाची जी बिले तिच्या सहीने लागली होती त्यांतली काही तिची नव्हतीच. तिने ते तोंडी विचारले, मग लेखी विचारले. लेखी विचारल्यापासून तिसऱ्या महिन्यात ‘प्रकल्पाचा निधी संपल्याने’ तिला सेवामुक्त करण्यात आले. प्रकल्प अजून चालू आहे आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे.

गेल्या महिन्यात आमच्या घरी, खांदा कॉलनीत, चार नातेवाईक जमले होते तेव्हा यावर बरीच चर्चा झाली. एक म्हणाले, “अगं, चांगलं काम करणारी संस्था आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. बोभाटा कशाला करायचा?” दुसरे म्हणाले, “कुठल्या कंपनीत का असं होत नाही?” होते, जरूर होते. पण कंपनीतून काढलेल्या माणसाबद्दल चार लोक हळहळतात तरी. संस्थेतून काढलेल्याकडे लोक संशयानेच पाहतात. देवळातून कोणाला बाहेर काढले तर पुजाऱ्याला कोण विचारतो? त्या माणसानेच काहीतरी केले असणार, असे धरून चालतात. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी काही वकील नाही. मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझी तीस-एक वर्षे गेली. म्हणून या प्रश्नाकडे मला जसे पाहता येते तसेच, म्हणजे इतिहासातून, पाहते आहे.

बाप आणि लेक

महाराष्ट्रात एका घराण्यात हा प्रसंग दोनदा येऊ शकला असता. पहिल्यांदा टळला, दुसऱ्यांदा आला. ते घराणे म्हणजे मुरुडचे कर्वे.

धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णासाहेब, १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. लोकमान्य टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिल्यामुळे गणिताला माणूस हवा होता आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपल्या या एल्फिन्स्टनमधल्या मित्राला बोलावून घेतले. त्याच वर्षी अण्णासाहेबांची पहिली पत्नी राधाबाई वारली. घरात रघुनाथ हा लहान मुलगा. पुढे ११ मार्च १८९३ रोजी अण्णासाहेबांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो.

या लग्नाने काय गहजब झाला ते आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. मुरुडच्या मंडळींनी बहिष्कार घातला. ज्या बैठकीला कर्वे असतील तिथे कोणी बसायचे नाही असे ठरले. अण्णासाहेबांच्या आईलाही त्याचा त्रास झाला. पण पाठ्यपुस्तकात एक गोष्ट सहसा सांगितलेली नसते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. या सगळ्यात अण्णासाहेबांची नोकरी गेली नाही. ते १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले. त्याच पगारावर त्यांचे घर चालले आणि त्याच काळात, १८९६ साली, अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. नोकरी गेली असती तर हिंगण्याच्या त्या झोपडीचे काय झाले असते, याचा विचार करून पाहा.

नोकरी का गेली नाही? एक कारण उघड आहे. तेव्हा फर्ग्युसनचे प्राचार्य होते गोपाळ गणेश आगरकर. पण प्राचार्य चांगला होता एवढ्यावर हे सोडून देता येत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची घडणच वेगळी होती. तिथे आजीव सदस्य असत. वीस वर्षे अल्प पगारावर शिकवण्याचे वचन द्यायचे आणि त्या बदल्यात संस्थेच्या कारभारात बरोबरीचा वाटा मिळायचा. शिकवणारे आणि चालवणारे तेच. अण्णासाहेब १८९२ साली आजीव सदस्य झाले होते, म्हणजे लग्नाच्या आधी. त्यांना काढायचे तर एका मालकाने दुसऱ्या मालकाला काढल्यासारखे झाले असते. याचा अर्थ तिथे सगळे गोडीगुलाबीने चालत होते असा नाही. टिळक-आगरकरांची भांडणे अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली. पण ती बरोबरीच्या माणसांची भांडणे होती.

आता लेकाची गोष्ट. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आलेला मुलगा. बापासारखाच गणिताचा प्राध्यापक. १९१९ साली ते गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. परत आल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनला मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले तेही १९२१ सालीच. म्हणजे लंडन आणि मुंबई एकाच वर्षी! पत्नी मालतीबाईंची या कामात बरोबरीची साथ होती. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असेही ठरवले होते. १९२३ साली ‘संततिनियमन : विचार आणि आचार’ हे त्यांचे पुस्तक आले.

त्या सुमारास रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. स्कॉटिश मिशनचे हे जुने आणि नावाजलेले कॉलेज. रघुनाथराव वर्गात संततिनियमन शिकवत नव्हते, वर्गात गणितच चाले. प्रचार चाले तो बाहेर, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या पैशाने. तरीही ही मते उघडपणे मांडणारा प्राध्यापक कॉलेजच्या चालकांना चालेना. त्यांच्याकडे राजीनामा मागण्यात आला आणि १९२५ साली त्यांनी तो दिला.

चालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे, नाहीतर तो इतिहास होत नाही. त्या काळी ख्रिस्ती धर्मपीठांना संततिनियमन पाप वाटे. इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांनी १९२० च्या लँबेथ परिषदेत त्याचा निषेध केला होता. काही अटींवर त्याला मोकळीक द्यायला १९३० साल उजाडले. आणि फक्त मिशनऱ्यांनाच का बोला? आपल्याकडे गांधीजींचाही कृत्रिम साधनांना विरोधच होता. रघुनाथरावांची मते चालकांना पटावीत असा माझा आग्रह नाही. प्रश्न वेगळा आहे. माणूस आपले नेमून दिलेले काम चोख करत असताना, कामाबाहेरच्या त्याच्या बोलण्यासाठी त्याची भाकरी काढून घ्यायची का?

अण्णासाहेब आणि रघुनाथराव यांच्या या दोन प्रसंगांत तीस-एक वर्षांचे अंतर. दोघेही गणिताचे शिक्षक, दोघेही समाजाला न रुचणारे काम करणारे, आणि दोघांच्याही संस्था ध्येयवादी म्हणून नावाजलेल्या. एकाला त्याच्या संस्थेने सांभाळले, दुसऱ्याला घरी पाठवले. मला तरी यात मुख्य फरक दिसतो तो हा की, अण्णासाहेब कारभारात होते आणि रघुनाथराव पगारी होते.

नंतर काय झाले

जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. लेख लिहिण्यापासून अंक वाचकांपर्यंत पोचवण्यापर्यंत बरेचसे काम ते स्वतःच करत. पैशांची तंगी कायमची. त्यात अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकाने उत्तरे दिली, त्यावरून तो खटला होता. रघुनाथराव हरले आणि दंड भरावा लागला. मासिक मात्र बंद पडले नाही. रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले, तोवर ते निघतच होते.

आता गंमत बघा. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. म्हणजे ज्या कामासाठी १९२५ साली एका प्राध्यापकाला कॉलेजातून जावे लागले, तेच काम सत्तावीस वर्षांनी देशाच्या पंचवार्षिक योजनेत आले. लाल त्रिकोण आणि ‘हम दो हमारे दो’ पाहत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला तर ते इतके सरळ वाटे की, याच्यासाठी कोणाची नोकरी गेली होती हेही ठाऊक नव्हते. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा २००१ साली आला तेव्हा अनेकांना रघुनाथराव प्रथम कळले.

हे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने १९१६ साली बर्ट्रांड रसेल यांना व्याख्यातेपदावरून काढले. तेही मुळात गणितातलेच! पहिल्या महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध त्यांनी एक पत्रक लिहिले, त्याबद्दल १०० पौंड दंड झाला आणि कॉलेजने तेच निमित्त केले. आपले रामानुजन त्या वेळी त्याच कॉलेजात होते आणि रामानुजनांचे गुरू हार्डी हे रसेल यांना काढण्याच्या विरोधात होते. हार्डींनी पुढे १९४२ साली या साऱ्या प्रकरणाची हकिकत एका पुस्तिकेत लिहून ठेवली. तशी हकिकत लिहिणारा सहकारी रसेलना लाभला, हे त्यांचे भाग्यच. रसेल यांची तेवढ्यावर सुटका झाली नाही. १९४० साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातली त्यांची नेमणूक न्यायालयाने रद्द केली. कारण काय, तर लग्न आणि नीती यांविषयीची त्यांची मते! रघुनाथरावांना ऐकून हसू आले असते.

कोऱ्या कागदावरची सही

थोर माणसांच्या गोष्टी आपण ऐकतो. साध्या मास्तरांच्या कोण सांगणार? म्हणून थोडे आमच्या वेळचे.

मी नोकरीला लागले ती सत्तरीच्या दशकात. त्या काळी खाजगी शाळांत काय चाले ते माझ्या वयाच्या शिक्षकांना विचारा. काही ठिकाणी नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेत. काही ठिकाणी तारीख न घातलेला राजीनामाच लिहून घेत आणि तो चेअरमनच्या कपाटात राही. एप्रिलमध्ये काढायचे आणि जूनमध्ये नवी ऑर्डर द्यायची, म्हणजे सुट्टीचा पगारही वाचतो आणि शिक्षक कायमही होत नाही. पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरा, हेही होते. कोणी बोलले की कपाटातला तो कागद बाहेर येई, त्यावर तारीख पडे आणि बाई ‘स्वखुशीने’ गेलेल्या असत. आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेत माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत हे झाले. तिने संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या पुतण्याला नापास केले होते.

हे सारे त्या वेळच्या सरकारला ठाऊक असणार, कारण पुढे झालेल्या कायद्यात त्याचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते. ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ हे त्याचे लांबलचक नाव. शिक्षकांच्या तोंडी तो ‘एमईपीएस’. १५ जुलै १९८१ पासून तो लागू झाला. त्याचे ७ वे कलम फक्त राजीनाम्याबद्दल आहे. राजीनामा द्यायचा असेल त्याने तो दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी. नव्या माणसाला वाटेल, राजीनाम्याला एवढा सोपस्कार कशाला? ज्याने तो कपाटातला कागद पाहिला आहे त्याला कळते. तारीख कर्मचाऱ्याने स्वतः घालायची आणि पोस्टाचा शिक्का तिची साक्ष देणार.

बाकीची कलमेही अशीच अनुभवातून आलेली. कायम रिकाम्या जागेवर नेमले तर दोन वर्षे परीविक्षा, आणि ती समाधानकारक पूर्ण झाली की माणूस कायम. काढायचे तर चौकशी हवी. त्या चौकशी समितीत एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. ही तिसऱ्या माणसाची कल्पना मला आजही आवडते. आणि तरीही अन्याय झाला तर ९ व्या कलमाखाली तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. न्यायाधिकरण पुन्हा कामावर घ्यायला लावू शकते, मागचा पगार द्यायला लावू शकते.

या कायद्याने सगळे सुधारले असे म्हणणार नाही. पळवाटा काढणारे काढतातच. पण कपाटातल्या त्या कागदाची दहशत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले. चेअरमन तेच होते, त्यांचे स्वभाव काही बदलले नव्हते. तरी फरक पडला.

शाळेबाहेरचे काय?

माझ्या भाचीने मला नेमके हेच विचारले. “मावशी, हे तुमच्या शाळांचं झालं. आमच्यासाठी कोणतं कलम?”

इथे उत्तर अवघड आहे. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी बेंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात मोठा निकाल दिला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की, इस्पितळे, शिक्षणसंस्था आणि पगारी माणसे ठेवून चालणाऱ्या बऱ्याच धर्मादाय संस्थाही त्यात आल्या. नफा मिळवता की नाही याला महत्त्व नाही, माणसे कामाला ठेवून पद्धतशीर काम चालवता ना, मग कामगारांचा कायदा लागू, असा त्याचा थोडक्यात मतलब.

पण दार उघडले आणि उंबऱ्यावर अडले. गोव्यात करंझाळे इथल्या, जोगिणींच्या एका संस्थेने चालवलेल्या शाळेतून एका शिक्षिकेला एप्रिल १९७५ मध्ये काढण्यात आले. ती लढत लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८८ साली निकाल लागला : शाळा हा उद्योग आहे हे खरे, पण शिक्षक हा कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ नाही. तेरा वर्षांनी! इमारत कायद्याच्या आत आणि तिच्यात शिकवणारी बाई बाहेर.

संस्थेविरुद्ध साध्या दिवाणी कोर्टात जावे तर तिथे आणखी एक अडचण. उत्तर प्रदेशातल्या एका डिग्री कॉलेजच्या प्राचार्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सांगितले की, नोंदणीकृत सोसायटीने चालवलेले कॉलेज म्हणजे कायद्याने निर्माण केलेली संस्था नव्हे. मग तिथल्या नोकराला पुन्हा कामावर घ्या असे सहसा सांगता येत नाही, फार तर नुकसानभरपाई मागता येते.

आता तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात ‘उद्योग’ची व्याख्या करताना मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांच्या आस्थापना सरळ वगळल्या आहेत. म्हणजे १९७८ साली जे दार उघडले होते तेही बंद झाल्यासारखेच. भाचीच्या संस्थेसारख्या ठिकाणी त्यातल्या त्यात पक्का आधार आहे तो लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा. त्यात सोसायटी, ट्रस्ट, स्वयंसेवी संस्था यांची नावे घेऊन त्यांना बांधून घेतले आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. पण बिलांविषयी प्रश्न विचारणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग?

आमच्या नातेवाईकांचे म्हणणे की, संस्थेचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसावे. मी त्यांना एवढेच विचारते : विल्सन कॉलेज बुडाले का? नाही. आजही चौपाटीसमोर दिमाखात उभे आहे, हजारो मुले शिकून बाहेर पडली. १९२५ ची हकिकत उजेडात आल्याने त्याचे काही बिघडले नाही. चांगल्या संस्थेला प्रश्न सोसतात. ज्या संस्था प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढतात, त्यांना लोकांनी दिलेल्या देणग्या कुठे जातात हे सांगायला मग आत कोणी उरत नाही. आपण दिवाळीला पाचशे-हजाराची पावती फाडतो ना, त्या पैशाचा हा प्रश्न आहे. म्हणजे तो आपलाही आहे.

भाचीला मी कायद्याचा सल्ला दिला नाही, तो वकीलच देतील. मी तिला मास्तरणीचे काम सांगितले. वहीत तारीखवार लिही. कधी विचारले, कोणाला विचारले, काय उत्तर आले, पत्र कोणत्या दिवशी मिळाले. ईमेलच्या छापील प्रती काढून घे. कुठलाही कागद वाचल्याशिवाय आणि तारीख स्वतःच्या हाताने घातल्याशिवाय सही करू नको. आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द दिसला की थांब.

ती वही आता अर्धी भरली आहे. गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघींनी आपल्या तारखाही तिला पाठवल्या.